वर्गात धर्म शिकवायचा, की तपासायचा?

पंधरा-सोळा वर्षांची मुलगी परीक्षेला बसली आहे. प्रश्नपत्रिकेत एक विधान छापले आहे : ‘देहान्ताची शिक्षा कधीही योग्य ठरू शकत नाही.’ गुण १२. तिने विधानाच्या बाजूने लिहायचे, विरुद्ध बाजूनेही लिहायचे, धर्माची शिकवण त्यात आणायची आणि शेवटी आपला निष्कर्ष कारणांसह मांडायचा. निष्कर्ष कोणता, याला गुण नाहीत. तो कसा काढला, याला आहेत.

वाचक बंधू-भगिनींनो, विधान मी नमुन्यादाखल लिहिले, पण इंग्लंडमधील जी.सी.एस.ई. परीक्षेत धर्माच्या विषयाचे प्रश्न याच धाटणीचे असतात. अनेक शाळा या तासाला ‘धर्म, तत्त्वज्ञान आणि नीती’ म्हणतात. निम्मे गुण माहितीचे, निम्मे विचार करण्याचे.

हे एका दिवसात घडले नाही. १९४४ च्या कायद्याने तिथल्या शाळांत धार्मिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा त्याचा व्यवहारातील अर्थ बायबल असाच होता. नको असेल तर पालकांनी मुलाला तासातून काढून घ्यावे, एवढी सवलत होती. १९८८ च्या कायद्याने देशातील इतर प्रमुख धर्मांचीही दखल घ्यायला लावली. २०१६ पासूनच्या जी.सी.एस.ई. अभ्यासक्रमात तर प्रत्येक विद्यार्थ्याला दोन धर्म अभ्यासावे लागतात. त्यांत बौद्ध धम्म निवडता येतो. चार आर्यसत्ये, अनित्य-दुःख-अनात्म, पंचशील, करुणा, मैत्री, थेरवाद आणि महायान हे सारे त्यात आहे. शिवाय ‘ईश्वर आहे काय?’ हा प्रश्नही परीक्षेला येऊ शकतो. आपल्याकडे एखाद्या मुलाने वर्गात हा प्रश्न विचारला तर गुरुजी काय करतील, याची कल्पना वाचकांनीच करावी!

पण इंग्लंडचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. तोच १९८८ चा कायदा, देशाची परंपरा मुख्यतः ख्रिस्ती आहे हे अभ्यासक्रमात दिसले पाहिजे, असे सांगतो. शाळेतील रोजची सामूहिक उपासनाही मुख्यतः ख्रिस्ती वळणाची असावी, असा दंडक आहे. म्हणजे तासाला तपासा आणि प्रार्थनेला हात जोडा! चर्चच्या शाळांची तऱ्हा आणखी निराळी.

आपल्या संविधानाने यावर सरळ उत्तर दिले आहे. कलम २८ प्रमाणे जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तिथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत यावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी एक महत्त्वाचा भेद सांगितला. एखाद्या धर्माची मते खरी मानायला शिकवणे वेगळे आणि त्या धर्माचा अभ्यास वा संशोधन करणे वेगळे. बंदी आहे ती पहिल्याला. दुसऱ्याला दार उघडे आहे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांविषयी शिकवणे या कलमाच्या आड येत नाही, असा निर्णय दिला.

दार उघडे आहे, पण त्यातून आत कोण येईल, ही भीतीही खरी आहे. ‘मूल्यशिक्षण’ या नावाखाली एकाच धर्माचे श्लोक पाठ करून घेणे सोपे असते. म्हणून पालकांनी पुस्तकाचे नाव पाहून थांबू नये. मुलाला उलट प्रश्न विचारण्याची मुभा आहे का, हे पाहावे. आणि खरे सांगायचे तर हीच कसोटी आपल्या घरालाही लावावी. पंचशील आपणही मुलांकडून पाठच करून घेतो. मी स्वतः तेच केले.

गेल्या वर्षावासात ग्रंथवाचन झाल्यावर नातीला म्हटले, “‘चोरी कधीच क्षम्य नाही’, यावर दोन्ही बाजूंनी बोल.” बाजूने ती भराभर बोलली. मग जरा थांबून म्हणाली, “आजोबा, अदिन्नादान म्हणजे दुसऱ्याने न दिलेले घेणे ना? मग भुकेल्याला जो देतच नाही, त्याचे शील कोण तपासणार?”

मी उत्तर जुळवू लागलो. तिची आई आतून म्हणाली, “आधी जेवून घ्या दोघे, भाकरी गार होतेय.” जेवतानाही नात माझ्या तोंडाकडेच पाहत होती.