तराजूशिवाय गाईचं वजन

गाईला तराजूत उभं करता येत नाही. पण जंताच्या औषधाची मात्रा तिच्या वजनावर ठरते, खुराकही वजनावरच ठरतो. मग गोठ्यातला माणूस नजरेने अंदाज बांधतो. आठवी-नववीची पोरं मात्र टेप घेऊन येतात. एक जण गाईच्या गळ्याखाली खाजवत तिला शांत ठेवतो. दुसरी पुढच्या पायांच्या लगेच मागून टेप फिरवून छातीचा घेर घेते. तिसरा खांद्याच्या सांध्यापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी मोजतो. समजा घेर भरला 160 सेंटिमीटर आणि लांबी 140. घेराला घेरानेच गुणायचं, मग लांबीने गुणायचं आणि येईल त्या आकड्याला साधारण 10,800ने भागायचं. उत्तर येतं 330 किलोच्या आसपास.

खरा धडा त्यापुढे सुरू होतो. घेर दोनदा का घेतला? कारण गाईचं धड म्हणजे आडवी ठेवलेली वृत्तचिती. घेरावरून त्रिज्या निघते, त्रिज्येच्या वर्गावरून तळाचं क्षेत्रफळ निघतं, त्याला लांबीने गुणलं की घनफळ. आपल्या गाईच्या धडाचं घनफळ भरतं सुमारे 285 लिटर. शरीराची घनता पाण्याएवढी धरली, तर 285 किलो झाले. उरलेलं वजन मानेचं, डोक्याचं आणि पायांचं. वहीत कंटाळवाणी वाटलेली वृत्तचिती आता समोर उभी राहून रवंथ करत असते. ज्या मुलीने हे एकदा केलं, तिला घनफळाचं सूत्र पाठ करायला सांगावं लागत नाही.

गणित, विज्ञान आणि गोठा असे एकाच दावणीला बांधणारा विषय महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांत आहे, हे पुष्कळांना ठाऊक नाही. त्याचं नाव 'इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी', म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख. शाळांमध्ये सगळे त्याला 'आयबीटी'च म्हणतात. त्याचा जन्म पाबळचा.

पुण्यापासून सुमारे 70 किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात पाबळ आहे. इतिहासाची ओढ असलेली माणसं तिथे मस्तानीची समाधी पाहायला जातात. पण या मुलखाची रोजची ओळख म्हणजे कमी पाऊस, उघडे माळ आणि पाण्यासाठीची ओढाताण. 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग आणि त्यांच्या पत्नी मीराताई इथे येऊन राहिले आणि विज्ञान आश्रम सुरू झाला. कलबागांनी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवली होती. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत काम केलं होतं. मुंबईला हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात ते अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख होते. पन्नाशी ओलांडल्यावर ती नोकरी मुदतीआधी सोडून त्यांनी हा माळ निवडला. सोयीचं, पाण्याचं, हमरस्त्यावरचं गाव त्यांना नकोच होतं. इथे जे जमेल ते कुठेही जमेल, असा त्यामागचा विचार.

विज्ञान आश्रम हे पुण्याच्या 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन'चं केंद्र. ही संस्था स्थापन केली जे. पी. नाईक यांनी, आणि 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिवही तेच. शाळेत कार्यानुभव हवा, ही शिफारस त्याच आयोगाची. त्याच्याही मागे गेलं, तर 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी मांडलेली नई तालीम आहे. म्हणजे पाबळच्या कामाला जुनी मुळं होती. नई तालीमीत बहुधा सूतकताईसारखा एखादा हस्तोद्योग मध्यभागी असे. कलबागांनी आजूबाजूचं सगळं खेडंच अभ्यासक्रमात घेतलं. खेड्यात तुटलेला फाळ जोडावा लागतो, मोटार बंद पडते, शेळी आजारी पडते, भिंत बांधावी लागते, मुलं अशक्त असतात. या प्रत्येक अडचणीच्या पोटात विज्ञान आहे. ते हातांनी बाहेर काढायचं.

माझ्या स्वतःच्या शाळेत कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात होता. त्या तासाला गणित राहिलं असेल तर गणित व्हायचं. वर्षाच्या शेवटी आम्ही दुकानातून आणलेली कागदी फुलं टेबलावर मांडायचो आणि सगळ्यांना सारखे गुण मिळायचे. ती फुलं कुणालाच नको होती, आम्हालाही नाही. आयबीटीची चौकट पहिल्यांदा समजून घेतली, तेव्हा त्या फुलांत काय कमी होतं ते कळलं. त्या कामाची कुणालाही गरज नव्हती. ते बिघडलं असतं तरी कुणाचं काही अडलं नसतं.

आयबीटीत आठवड्यातला जवळपास एक पूर्ण दिवस कामाचा. विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. वर्गाचे गट पडतात आणि प्रत्येक गट चारही विभागांतून फिरतो. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने 1980च्या दशकातच या विषयाला मान्यता दिली, त्यामुळे त्याचे गुण दहावीच्या गुणपत्रिकेत धरले जाऊ लागले. शिकवणारे असतात निदेशक. गावातला वेल्डर, वायरमन, चांगली शेती करणारी बाई यांच्याकडे बी.एड. नसेल, पण हातात कसब असतं. ते शाळेत येतात आणि मुलं त्यांना 'सर' आणि 'ताई' म्हणू लागतात. ज्या माणसाला गावाने कधी गुरू मानलं नव्हतं तो फळ्यासमोर उभा राहतो, ही गोष्ट मला अभ्यासक्रमाइतकीच मोलाची वाटते.

वेल्डिंगचा पहिला दिवस सगळ्यांचा सारखाच जातो. रॉड लोखंडाला चिकटून बसतो. ओढला तर निघत नाही, घाबरून होल्डर सोडावासा वाटतो. निदेशक हात धरून दाखवतात: टेकवू नकोस, काडी ओढल्यासारखा हलकेच घास आणि लगेच किंचित वर उचल. दोन-तीन मिलिमीटरचं अंतर. जास्त झालं की ठिणगी विझते, कमी झालं की रॉड चिकटतो. काळ्या काचेआड मुलगी श्वास रोखून बघते, आणि एकदाची ती लखलखती रेघ पुढे सरकू लागते. जोड थंड झाला की हातोडीने वरची खपली उडवायची. खाली एकसारखी वळी दिसली तर जमलं. भोकं दिसली तर ग्राइंडर मारून पुन्हा. इथे सर रागावत नाहीत आणि कौतुकाचा शेराही देत नाहीत, कारण निकाल त्या लोखंडावरच लिहिलेला असतो.

मला वाटतं, तेरा ते सोळा या वयाला नेमकं हेच हवं असतं. या वयात मूल मोठ्यांच्या मताला कंटाळलेलं असतं आणि त्याच मताची त्याला भीतीही वाटत असते. 'तू हुशार', 'तुला जमणार नाही', 'शेजारचा बघ' हे सगळं ऐकून त्याचा स्वतःविषयीचा अंदाज डळमळीत झालेला असतो. लोखंड, पाणी, बी यांचं मात्र कुणाविषयी आधीपासून मत नसतं. वाचनात अडखळणाऱ्या मुलाची भिंत ओळंब्याला बरोबर जुळते, तेव्हा त्याला एक पक्की गोष्ट मिळते आणि ती कुणी दयेने दिलेली नसते. पहिल्या नंबराच्या मुलाचा रॉड चार वेळा चिकटतो. चुकणं म्हणजे अब्रू जाणं नव्हे, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळतं. दोघांनाही एकमेकांचा हात लागतो.

गवंडीकामाच्या दिवशी काटकोन काढायचा असतो. गुण्या छोटा आणि खोलीची आखणी मोठी. मग दोरी येते. एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर खूण, आणि दोन्ही खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट होईपर्यंत दोरी हलवायची. निदेशकांना हे त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं असतं, मुलांना पायथागोरसचं प्रमेय म्हणून पुस्तकात भेटलेलं असतं. दोघांचं ज्ञान एकाच दोरीवर येतं, तेव्हा शाळा आणि गाव यांच्यातली भिंत थोडी खाली येते.

गृह-आरोग्य विभागात रक्ताची तपासणी असते. साहलीच्या पद्धतीत रक्ताचा थेंब सौम्य आम्लात मिसळतात, मग शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत थेंब-थेंब पाणी घालत जातात. जिथे रंग जुळतो, तिथल्या रेघेवर हिमोग्लोबिन वाचायचं. हा आकडा परक्या कुणाचा नसतो. वर्गातल्या मुलींना तो 12च्या खाली दिसतो, तेव्हा सतत येणाऱ्या थकव्याला नाव मिळतं. पालेभाज्या, लोखंडी कढई, शेंगदाणे आणि गूळ, गरज असेल तर डॉक्टर हे बोलणं त्या मुलीच घरी सुरू करतात. सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरेल ते खाणाऱ्या आईपुढेही मग तोच प्रश्न येतो.

इथे मुलगे भाकरीच्या पिठाला हात लावतात आणि मुली ग्राइंडर चालवतात. विभाग फिरते असल्यामुळे कुणालाही निवडून पळता येत नाही. आपल्याकडे कामाला लिंग चिकटलेलं आहे आणि जातही. चामड्याचं काम कुणी करायचं, लोखंडाचं कुणी, शेण कुणी उचलायचं हे शतकानुशतकं जन्मावर ठरत आलं. समतेवरचा निबंध चांगला लिहिणारं मूलही ते वळण घेऊनच वाढतं. एकाच वर्गातली सगळी मुलं पाळीपाळीने सगळी कामं करतात, तेव्हा त्या जुन्या गाठीवर कुठेतरी ताण पडतो. गाठ सुटली असं मी म्हणणार नाही. पण ती सोडवायची तर सुरुवात हातांपासूनच व्हायला हवी, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आयबीटीचा कणा मात्र लोकोपयोगी सेवा आहे. मुलांनी सरावासाठी काहीतरी करून मोडीत टाकायचं नाही. शाळेला बाक हवेत, रोपांना जाळ्या हव्यात, कुणाची बादली गळते, अंगणवाडीपुढे सांडपाणी साचतं. ही कामं मुलं घेतात आणि रीतसर हिशेब मांडून करतात. शोषखड्डा खणायचा तर दगड किती, विटांचे तुकडे किती, मजुरी किती. चिक्की करायची तर शेंगदाणे आणि गूळ यांच्यावर हिशेब थांबत नाही. गॅस, पिशवी, भांड्याचा घसारा आणि आपला वेळही त्यात येतो. पाकाचा थेंब पाण्यात टाकल्यावर कडक होऊन टचकन मोडला पाहिजे. तो लवचिक राहिला तर चिक्की दाताला चिकटेल आणि गिऱ्हाईक परत येणार नाही. गिऱ्हाईक हा शब्द आठवीच्या मुलाच्या तोंडी आला की त्याच्या वागण्यात फरक पडतो. आपल्या कामावर दुसरा माणूस विसंबणार आहे, ही जाणीव कुठल्याही मूल्यशिक्षणाच्या तासाला देता येत नाही.

पाबळचा परिसरच हा विचार बोलून दाखवतो. तिथल्या इमारती घुमटाच्या आहेत. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून सांगाडा उभा करायचा, त्यावर जाळी ताणायची आणि सिमेंटचा गिलावा द्यायचा. त्रिकोणच का, ते चार पट्ट्या बोल्टने जोडून पाहिल्या की समजतं. चौकोन हलवला की कलतो, त्रिकोण हलत नाही. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांसाठी आश्रमाने वर्षभराचा निवासी पदविका अभ्यासक्रमही चालवला. त्याच मुलांच्या हातून जुन्या जीपचे भाग वापरून 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टर घडला. जमिनीचा विद्युतरोध मोजून भूजलाचा अंदाज घेणं ही मुलं शिकली आणि काहींनी त्यावर पोट भरलं. 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्ड यांनी आखलेली 'फॅब लॅब' पाबळला आली. एमआयटीबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक. 2003 साली डॉ. कलबाग गेले. काम थांबलं नाही. डॉ. योगेश कुलकर्णी यांनी धुरा घेतली आणि 'लेंड अ हँड इंडिया'सारख्या संस्थेने हा कार्यक्रम आणखी अनेक शाळांत नेला. पुढे राष्ट्रीय कौशल्य चौकटीत 'मल्टी स्किल फाउंडेशन' हा याच धर्तीचा विषय आला. 2020च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, सुतार-माळी-कुंभारांच्या सोबतीने घालवण्याची सूचना आहे.

अडचणी आहेतच. यंत्रं जपावी लागतात, कच्चा माल दर महिन्याला लागतो, निदेशकांचं मानधन वेळेवर मिळावं लागतं. मुख्याध्यापकाचं मन त्यात नसेल, तर कार्यशाळेला कुलूप लागायला वेळ लागत नाही. सगळ्यात अवघड प्रश्न पालकांचा असतो: "आम्ही हातांनी राबलो, आता पोरानेही तेच करायचं का?" या प्रश्नात पिढ्यांची वेदना आहे, तिला तत्त्वज्ञानाने उत्तर देऊ नये. एवढंच सांगावं, की गाईचं वजन काढणारी मुलगी पशुवैद्य होऊ शकते, अभियंता होऊ शकते, किंवा स्वतःच्या गोठ्याची नीट मालकीण होऊ शकते. कोणतीही वाट धरली तरी अंदाजावर न थांबता मोजून बघायची सवय तिच्यासोबत जाते.

आठवीतल्या मुलांनी जोडलेल्या बाकावर पुढच्या वर्षीची मुलं बसतात. बाक डुगडुगला, तर कुणाच्या हातचा ते सगळ्यांना माहीत असतं. बनवणारा तेव्हा नववीत असतो, त्याच व्हरांड्यातून जात-येत असतो. मधल्या सुट्टीत तो रॉड आणि काच घेऊन येतो, बाक उलटा करतो आणि पाय पुन्हा जोडून देतो. कुणी त्याला तसं सांगितलेलं नसतं.