हरवलेला नायक आणि वाचकांचे न्यायासन

रहस्यकथा वाचणारा मनुष्य लेखकाशी एक अलिखित करार करून बसलेला असतो. शेवटच्या प्रकरणात गुन्हेगार दाखविला जाईल, या भरवशावर तो मधली सगळी पाने निमूटपणे अंधारात चाचपडतो. हा करार मोडणारी एक प्रसिद्ध कादंबरी आहे. परंतु तो लेखकाच्या लहरीने मोडला नाही, मृत्यूने मोडला. चार्ल्स डिकन्स याची एडविन ड्रूडच्या रहस्याची कादंबरी १८७० च्या एप्रिलपासून मासिक भागांनी निघू लागली. बारा भाग व्हावयाचे होते. ९ जून रोजी डिकन्स वारला आणि कथा सहा भागांवर थांबली.

एडविन हा तरुण नाताळच्या आदल्या रात्री, ऐन वादळात, नाहीसा होतो. त्याचा मामा जॅस्पर हा चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख. वरून सभ्य, आतून अफूचा गुलाम, आणि भाच्याच्या वाग्दत्त वधूवर डोळा ठेवून असलेला. नदीच्या बंधाऱ्यात एडविनचे घड्याळ सापडते, देह सापडत नाही. वधूवरांनी आपखुशीने वाङ्‌निश्चय आधीच मोडला होता, हे मामास मागाहून कळते, आणि तो भोवळ येऊन कोसळतो. एडविनच्या खिशात एक अंगठी होती, ती मामास ठाऊक नव्हती. पुढे पांढऱ्या केसांचा एक अनोळखी गृहस्थ गावात येऊन मामावर पाळत ठेवतो. तो कोण, हे सांगण्यापूर्वीच लेखणी थांबली.

येथून वाचकांचे राज्य सुरू झाले. १८८७ मध्ये प्रॉक्टर या ज्योतिर्विदाने असे प्रतिपादिले की, एडविन जिवंत आहे आणि तो पांढऱ्या केसांचा गृहस्थ म्हणजे वेषांतर केलेला एडविनच. अँड्र्यू लँग यानेही १९०५ मध्ये एडविन वाचला असाच पक्ष घेतला. उलट वॉल्टर्स याच्या मते एडविन मेला असून, तो गृहस्थ म्हणजे पुरुषवेषातील हेलेना ही तरुणी होय. वस्तुतः डिकन्सचा मित्र आणि चरित्रकार फॉर्स्टर याने, मामा भाच्याचा खून करतो असे डिकन्सनेच आपणांस सांगितल्याचे लिहून ठेवले आहे. तरीही वाद मिटला नाही. मला यात वाचकांचा हट्ट दिसतो, आणि तो हट्ट मला आवडतो.

१९१४ च्या जानेवारीत लंडनमध्ये डिकन्सप्रेमींनी जॅस्परवर चक्क खटला भरला. न्यायाधीश चेस्टरटन, ज्यूरीचा म्होरक्या बर्नार्ड शॉ! ज्यूरीने खून नव्हे, सदोष मनुष्यवध असा निकाल दिला, आणि चेस्टरटनने स्वतःखेरीज सर्वांस न्यायालयाच्या बेअदबीबद्दल दंड ठोठावला. थट्टाच ती, परंतु प्रेताशिवाय खून सिद्ध होतो काय, हा प्रश्न थट्टेचा नव्हे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भोर तालुक्यातील कामथडी येथे आप्तांच्या घरी आम्ही ही कादंबरी रोज रात्री थोडी थोडी मराठीत सांगितली. पुणे-सातारा रस्त्यावरील मोटारींचा आवाज निवळला की मंडळी जमत. वकिली शिकणारा पुतण्या अंगठीवर अडून बसला. चुनखडीत देह विरला तरी सोने विरत नाही, तोच पुरावा, असे त्याचे म्हणणे. घरच्या सूनबाईंना मामाची भोवळ पुरेशी वाटली. ज्या लोभापायी खून केला तो व्यर्थ होता, हे कळल्यावाचून असा मनुष्य पडत नाही. आत्याबाई मात्र म्हणाल्या, “अहो, धड सापडूनही लोकांनी भाऊसाहेबांची वाट पाहिली, इथे तर धडही नाही!”

त्यांचा रोख पानिपताकडे होता. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. शिर नसलेले एक धड अंगावरील खुणांवरून ओळखून त्यास अग्नी दिला, असे काशीराज पंडिताच्या वृत्तांतात आहे. तरीही पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. पुढे सुखलाल नावाचा कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. त्यास पकडून रत्नागिरीच्या किल्ल्यावर ठेविले होते. १७७६ मध्ये तेथील अंमलदारानेच त्यास सोडविले, कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले, मातबर माणसे त्यास मिळाली. वर्षअखेर पुण्यात त्यास देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या १९१३ च्या नाटकाचा विषय हाच.

तेव्हा एडविन जिवंत मानणाऱ्या वाचकास वेडा म्हणण्यापूर्वी थांबावे. पुण्यास पंधरा वर्षांनंतरही जे पटले नाही, ते वाचकास सहा भागांत कसे पटावे? फरक एवढाच की कादंबरीच्या वाचकास चुकीच्या मतासाठी काही मोजावे लागत नाही. पार्वतीबाई १७८३ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, आपल्या मताप्रमाणे जगल्या. माझे स्वतःचे मत मामाच्या विरुद्ध आहे, आणि त्याचे कारण अंगठी नसून ती भोवळ होय. आत्याबाईंनी मत देण्याचे नाकारले.

ज्यांना ही कादंबरी वाचावयाची आहे, त्यांनी इतरांनी जोडलेले शेवट आधी पाहू नयेत. १८७३ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँटच्या एका मुद्रकाने तर स्वतः डिकन्सच्या आत्म्याने आपणांस उरलेला भाग सांगितला, असे म्हणून तो छापला होता. आत्म्याची भाषा मूळ लेखकाहून बरीच कच्ची आहे, असे बहुतेक वाचकांचे मत पडले.