मासा सोडला, पण तो वाचला का?

गळाला लागलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून देणारी माणसे तुम्ही पाहिली आहेत का? आपल्याकडे मासा धरतात तो खाण्यासाठी; त्यामुळे हा प्रकार प्रथम ऐकणाऱ्याला वेडेपणाचा वाटतो. पण महसीरसारख्या माशाच्या बाबतीत त्यात मोठे शहाणपण आहे. दख्खनच्या महसीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून केले. धरणे, वाळूउपसा, सुरुंग आणि विष घालून केलेली मासेमारी यांमुळे नद्यांतून मोठे महसीर दिसेनासे होत गेले. मोठी मादी म्हणजे अनेक वर्षे जगून मोठी झालेली, आणि लहान मादीपेक्षा कितीतरी जास्त अंडी देणारी. तिला सोडण्यात अर्थ आहे, पण ती नंतर जगली तरच.

आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राचे एक सहकारी गळाने मासे धरण्याच्या छंदाचे भोक्ते आहेत. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात त्यांच्याबरोबर मी मावळातील एका जलाशयावर गेलो होतो. परवाना काढलेला होता आणि मासा सोडायचा हेही ठरलेले होते. भर दुपारी त्यांच्या गळाला सुमारे आठ किलोचा महसीर लागला. दोरा बारीक होता, म्हणून त्यांनी माशाला जवळजवळ अर्धा तास खेळवून दमवले. मग त्याला जाळ्यात घेऊन तापलेल्या खडकावर ठेवले आणि बऱ्याच खटपटीने गळ काढला. त्यानंतर मी, पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस, त्याच्या जबड्यात बोटे घालून त्याला उभा टांगला आणि छायाचित्र काढून घेतले. सोडल्यावर तो शेपटी हलवीत खोल पाण्यात गेला. आम्ही खूश झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मासा काठाजवळ पोट वर करून तरंगत होता. ओठाची फाटलेली कड आणि अंगावरचे उडालेले खवले यांवरून त्याला ओळखायला वेळ लागला नाही.

आमच्या चुका मोजायला मला पुढे बरेच दिवस लागले. त्यांतल्या बहुतेक माझ्याच विषयातल्या निघाल्या, याची लाज अजून वाटते.

पहिली चूक वेळेची. कॅनडातील फर्ग्युसन आणि टफ्ट्स या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये रेनबो ट्राउट माशांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मासे अगदी थकेपर्यंत पळवले. काहींना तसेच पाण्यात ठेवले, काहींना ३० सेकंद आणि काहींना ६० सेकंद पाण्याबाहेर काढले. बारा तासांनंतर नुसत्या थकलेल्या माशांपैकी ८८ टक्के जिवंत होते. अर्धा मिनिट हवेत राहिलेल्यांपैकी ६२ टक्के वाचले, आणि एक मिनिट राहिलेल्यांपैकी फक्त २८ टक्के. ट्राउट थंड पाण्यातला मासा आहे, तेव्हा हेच आकडे महसीराला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण दमलेल्या माशाला हवेतला एक मिनिट किती महाग पडू शकतो हे त्यावरून कळते. आमचा मासा चार मिनिटे तरी बाहेर होता.

इथे एक कोडे उभे राहते. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो, म्हणजे तीसपटीहून अधिक. मग एवढा प्राणवायू भोवती असताना मासा गुदमरतो कसा?

त्याचे उत्तर घरी पाहता येते. चित्रकलेचा एक मऊ कुंचला घ्या आणि पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात बुडवा. त्याचे केस सुटे होऊन फुलतात. आता तो बाहेर काढा. सगळे केस एकमेकांना चिकटून त्यांचे एकच टोक होते. केसांवर उरलेल्या पाण्याच्या पृष्ठताणाने त्यांना ओढून एकत्र आणले. माशाच्या कल्ल्यांत असेच, पण फार नाजूक पापुद्रे असतात. पाण्यात ते सुटे राहतात आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ खूप मोठे असते. हवेत आल्याबरोबर ते एकमेकांना चिकटतात, क्षेत्रफळ एकदम घटते आणि प्राणवायू आत शिरण्याची वाटच बंद होते. अर्धा तास धावलेल्या माणसाचे नाकतोंड दाबून धरावे तसे आम्ही त्या माशाचे केले होते.

धावण्याची उपमा मी मुद्दाम दिली. झुंजताना मासा ज्या पांढऱ्या स्नायूंनी जोर लावतो ते प्राणवायूवाचून काम करू शकतात, पण त्यामुळे शरीरात लॅक्टिक आम्ल साचते. ते निस्तरायला काही तास लागतात. कावेरीतील महसीरांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, जास्त वेळ झुंजवलेल्या माशांच्या रक्तात लॅक्टेट अधिक आढळले. म्हणून बारीक दोऱ्यावर मासा खेळवण्यात कौशल्य दिसत असले, तरी ज्याला मासा सोडायचा आहे त्याने जाड दोरा आणि मजबूत काठी वापरून त्याला लवकर जवळ आणावा. दुपारचे तापलेले पाणीही टाळावे. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाची गरज मात्र वाढलेली असते.

आता जाळ्याकडे वळू. दांड्याचे जाळे आधी पाण्यात बुडवून स्थिर धरावे आणि माशाचे डोके पुढे ठेवून त्याला त्यावर ओढत आणावे. जाळे घेऊन माशाच्या मागे धावले की तो बिथरतो आणि पुन्हा झुंजू लागतो. मासा आत आला की जाळे उचलायचे नाही. हे सर्वांत महत्त्वाचे, आणि नवशिक्याला सर्वांत कठीण! पाण्यात माशाचे वजन जवळजवळ शून्य असते, कारण त्याच्या शरीरातील वाताशयामुळे त्याची सरासरी घनता पाण्याएवढी राहते. बाहेर काढताच आठ किलोच्या माशाचे सुमारे ७८ न्यूटन वजन जाळ्याच्या धाग्यांवर येते. समजा, तो भार गाठी मारलेल्या जाळ्याच्या वीस गाठींवर आला आणि प्रत्येक गाठ चार चौरस मिलिमीटर जागेवर टेकली. गणित करून पाहा: दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ दहापट निघतो. खवले उडतात ते यामुळे. म्हणून बिनगाठीचे किंवा रबराचे मऊ, खोल जाळे चांगले.

खवल्यांवरचा बुळबुळीत थर आपल्याला किळसवाणा वाटतो, पण माशाचे ते चिलखत आहे. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त असतात. त्यामुळे परासरणाने पाणी सतत आत घुसू पाहते. कातडी आणि हा थर खरवडला गेला की तेथून पाणी आत शिरते, क्षार बाहेर जातात आणि वर बुरशीही धरते. कोरडा हात, कोरडा पंचा आणि तापलेला खडक हे तिन्ही तो थर पुसून टाकतात. हात आधी ओले करावेत.

आणि मासा उभा टांगू नये. पाण्यात वाढलेल्या माशाच्या जबड्याला आणि मणक्याला आपले सगळे वजन पेलण्याची कधी वेळच आलेली नसते. ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी माशांवर, म्हणजे आपल्या रायगडच्या जिताड्यावर, असे प्रयोग झाले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात ओठाला चिमटा लावून धरलेल्या माशांच्या खालच्या जबड्याला इजा झाल्याचे दिसले. उचलायचाच तर एक हात छातीखाली आणि दुसरा शेपटीच्या मुळाशी घालून मासा आडवा धरावा. कल्ल्यांत बोटे कधीही घालू नयेत. एक सोपी युक्ती अशी: मासा पाण्याबाहेर येताच आपणही श्वास रोखावा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटण्याआधी तो परत पाण्यात गेला पाहिजे.

गळ काढण्याचे काम मासा पाण्यातल्या जाळ्यात असतानाच होते. गळाच्या टोकामागे एक उलटा काटा असतो. तो आत शिरताना सरकतो, पण बाहेर येताना मांसात रुततो. घरूनच पकडीने हा काटा दाबून सपाट केला तर निम्मे काम झाले. मग लांब चोचीच्या पकडीने गळाच्या वाकाजवळ धरून, तो ज्या वाटेने शिरला त्याच वाटेने मागे फिरवायचा. सरळ ओढायचा नाही. मासा पुष्कळदा गळ गिळतो. अशा वेळी घशात पकड घालून ओढाताण करण्यापेक्षा दोरा गळाजवळ कापून मासा सोडून द्यावा. अमेरिकेत १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्राउटवरील प्रयोगात, घशात गळ राहू दिलेले मासे गळ काढलेल्या माशांपेक्षा कितीतरी अधिक संख्येने वाचले होते.

शेवटी सोडणे. मासा पाण्यात ढकलला की काम संपले असे आम्ही समजलो होतो. खरे तर त्याला सरळ, आडवा धरून तोंड प्रवाहाकडे ठेवायचे असते, म्हणजे पाणी तोंडातून आत आणि कल्ल्यांतून बाहेर वाहते. कल्ल्यांत रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहते. त्यामुळे पापुद्र्याच्या संपूर्ण लांबीत पाण्यात प्राणवायू जास्त आणि रक्तात कमी, असा फरक टिकून राहतो. पुष्कळ लोक माशाला पुढेमागे ढकलतात; मागे ओढताना पाणी उलटे जाते आणि ही सारी व्यवस्था बिघडते. पाणी स्थिर असेल तर त्याला फक्त पुढे, हळूहळू फिरवावे.

तो तयार झाला हे कसे ओळखायचे? हात थोडा सैल करावा. मासा एका कुशीवर कलंडला तर पुन्हा धरावा. स्वतः सरळ राहिला, कल्ल्यांची उघडझाप एका तालात होऊ लागली आणि शेपटीचा जोर हाताला जाणवला, म्हणजे मग सोडायचा.

मागच्या हिवाळ्यात सकाळी लवकर आम्ही पुन्हा त्याच जलाशयावर गेलो. या वेळी दोरा जाड होता. पाच किलोच्या आसपासचा महसीर सहा-सात मिनिटांत जाळ्यात आला. मी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून त्याला धरला होता. दोनदा तो कलंडला. तिसऱ्यांदा हात सैल केला तेव्हा शेपटीचा असा फटका बसला की माझा चष्मा पाण्यात गेला, तो अजून तिथेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काठाने बराच लांबपर्यंत चालून पाहिले. मेलेला मासा दिसला नाही.