लहान पटाच्या शाळा आणि शाळा विकास आराखडा : कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला. मुलास शाळेत पाठविण्याची जबाबदारी त्या कायद्याने पालकांवर टाकली होती. ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९’ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याने ही जबाबदारी प्रामुख्याने शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर आली. त्याचबरोबर शाळेच्या नियोजनात पालकांना हक्काचे स्थान मिळाले. हे स्थान प्रत्यक्षात आणणारे साधन म्हणजे शाळा विकास आराखडा होय. मात्र शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगराळ तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरच्या लहान शाळांना हा आराखडा ओझे वाटतो. तो ओझे का ठरतो आणि उपयुक्त कसा होऊ शकेल, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्यातील तरतूद

अधिनियमाच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती स्थापन केली जाते. समितीतील किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत ५० टक्के महिला असणे आवश्यक आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे आहेत. हाच आराखडा शासनाच्या नियोजनाचा व अनुदानाचा आधार असेल, असे कलम २२ सांगते.

केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांनुसार आराखडा तीन वर्षांचा असून त्यात तीन वार्षिक उपआराखडे असतात. इयत्तावार पटाचा अंदाज, अतिरिक्त शिक्षकांची गरज, भौतिक सुविधा व साहित्य, तसेच वर्षनिहाय आर्थिक गरज या चार बाबी त्यात अपेक्षित आहेत. थोडक्यात, कायद्याची अपेक्षा मर्यादित आणि स्पष्ट आहे.

लहान शाळेची अडचण

अधिनियमाच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि १५० पेक्षा अधिक मुले असल्यास स्वतंत्र मुख्याध्यापक असतो. याचा अर्थ असा की, १४ मुलांच्या शाळेत नियोजन करणारी व्यक्ती आणि एकाच वेळी अनेक इयत्ता शिकविणारी व्यक्ती एकच असते. पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती आणि निरनिराळे ऑनलाइन अहवालही तिलाच पूर्ण करावे लागतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘शाळा सिद्धी’ या राष्ट्रीय कार्यक्रमात स्वयंमूल्यमापनासाठी ७ क्षेत्रे व ४६ मानके ठरविण्यात आली. ५०० मुलांची शाळा आणि १४ मुलांची शाळा यांच्यासमोर प्रपत्र मात्र एकच असते. परिणामी मागील वर्षाचा आराखडा तारीख बदलून पुन्हा लिहिला जाण्याचा धोका निर्माण होतो.

दुसरी अडचण आकड्यांची आहे. तिसरीत तीनच मुले असतील आणि त्यांपैकी एकास वाचता येत नसेल, तर ‘६७ टक्के मुले वाचतात’ असे विधान होते. पुढील वर्षी ते मूल चौथीत गेले की तिसरीचा आकडा १०० टक्क्यांवर जातो. प्रत्यक्षात शाळा सुधारलेली नसते आणि त्या मुलाचे वाचनही तेथेच राहते. म्हणून लहान शाळेने टक्केवारीऐवजी मुलागणिक नोंद ठेवणे श्रेयस्कर ठरते. कोणते मूल कोठे अडले, त्यासाठी कोणी काय करावयाचे आणि ते पुन्हा केव्हा पाहावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे एका पानात मावतात.

तिसरी अडचण निधीची आहे. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेसाठी वार्षिक १० हजार रुपये, तर ३० ते १०० पटाच्या शाळेसाठी २५ हजार रुपये एकत्रित शाळा अनुदान ठरविण्यात आले. पावसाळ्यात गळणारे छप्पर मात्र पट पाहून गळत नाही. त्यामुळे शाळेच्या अनुदानातून होणारी कामे आणि जिल्हा परिषदेकडे वा ग्रामपंचायतीकडे मागावयाची कामे यांची फोड आराखड्यात स्वतंत्रपणे करणे आवश्यक ठरते.

लहानपणातील सामर्थ्य

या अडचणींबरोबरच लहान शाळेस एक अनुकूलताही लाभलेली असते. बारा सदस्यांच्या समितीत ७५ टक्के म्हणजे नऊ पालक असतात. १४ मुलांच्या शाळेत नऊ-दहाच कुटुंबे असू शकतात. म्हणजे जवळजवळ संपूर्ण पालकवर्गच समितीत असतो. मोठ्या शाळेत प्रतिनिधित्वाचा प्रश्न असतो, येथे प्रत्येक घर प्रत्यक्ष उपस्थित राहू शकते. पटाचा अंदाजही येथे नावानिशी करता येतो. अंगणवाडीतील मुले कोणती, कोणते कुटुंब मुंबई-पुण्यास कामासाठी जाणार आहे, कोण परतणार आहे, हे वाडीस ठाऊक असते. शिक्षकमान्यतेसाठी हा अंदाज अत्यंत महत्त्वाचा असतो.

समूह नियोजनाचा विचार

एकट्या शाळेस जे पेलत नाही, ते शाळांच्या समूहास पेलू शकते. हा विचार कोल्हापूरच्या भूमीस नवा नाही. आजरा तालुक्यातील बहिरेवाडी येथे जन्मलेले आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत अग्रभागी असलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव होते. आयोगाने शाळासंकुलाची कल्पना मांडली. प्रत्येक संस्थेने उपलब्ध साधनांच्या आधारे स्वतःची योजना करावी, या विचाराचा नाईकांनी पुढेही आग्रह धरला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शाळा विकास आराखड्यांवरून संकुलाचा आराखडा तयार करण्याची कल्पना आहे.

अन्यत्रही हाच अनुभव दिसतो. अमेरिकेत २००२ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने सलग दोन वर्षे उद्दिष्ट न गाठणाऱ्या शाळांना तीन महिन्यांत सुधारणा आराखडा करणे बंधनकारक केले. त्याच कायद्यात ६०० हून कमी विद्यार्थी असलेल्या ग्रामीण शाळा-जिल्ह्यांना काही निधी लवचीकपणे वापरण्याची मुभाही होती. लहान घटकांना समान अटी लावताना वेगळे साहाय्य द्यावे लागते, हे तेथेही मान्य झाले. आपल्याकडे केंद्रप्रमुखांच्या पातळीवर हे साहाय्य उभे राहू शकते. केंद्रातील शाळांनी एका शिक्षण परिषदेत आराखड्यांचे एकत्र वाचन करावे, समान गरजा एकत्र मांडाव्यात आणि आकडेवारीचे काम वाटून घ्यावे. मात्र प्रत्येक शाळेची उद्दिष्टे त्या शाळेनेच ठरवावीत.

आराखडा आणि शाळेचे अस्तित्व

राज्यात २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समायोजनाचा, तर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचा विषय पुढे आला. या पार्श्वभूमीवर आराखड्यास वेगळेच महत्त्व प्राप्त होते. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, हा नियम आहे. दुर्गम भागात दरडी, पूर अथवा रस्त्यांचा अभाव यांचा विचार करून हे अंतर कमी करण्याची तरतूद नमुना नियमांत आहे. नकाशावरील एक किलोमीटर आणि जुलैमधील ओढ्यापलीकडचे एक किलोमीटर यांतील फरक पालकांनाच ठाऊक असतो. तो लेखी नोंदविण्याची सर्वात योग्य जागा म्हणजे शाळा विकास आराखडा होय. तसेच, मोठ्या शाळेत मुलांचे अधिक हित आहे असे पालकांस वाटत असेल, तर वाहतुकीच्या कोणत्या अटींवर, हेही तेथेच स्पष्ट व्हावे.

समारोप

लहान शाळेचा आराखडा लहान असावा, परंतु तो त्याच शाळेचा असावा. मुलागणिक नोंद, नावानिशी पटाचा अंदाज, खर्चाची फोड आणि दोन-तीनच उद्दिष्टे एवढ्याने कायद्याची पूर्तता होऊ शकते. प्रपत्र भरून कार्यालयात पोहोचविल्याने नियम पाळला जातो, पण कायद्याने पालकांना दिलेला नियोजनाचा हक्क वापरला जात नाही. जी वाडी आपल्या मुलांची गरज स्वतः लिहून मांडते, तिच्या शाळेविषयीचा निर्णय केवळ पटसंख्येच्या रकान्यावरून घेणे कोणत्याही प्रशासनास सोपे राहणार नाही.