शंखवाळकर, ब्रह्मानंद
शंखवाळकर, ब्रह्मानंद सगुण कामत : (६ मार्च १९५४ – ). विख्यात भारतीय फुटबॉलपटू व गोलरक्षक. जन्म गोव्यातील ताळगाव येथे. त्याच्या जन्मसमयी गोवा पोर्तुगीज अंमलाखाली होता व त्याच्या उत्तर सीमेस तत्कालीन रत्नागिरी जिल्हा भिडलेला होता. सीमेच्या एका बाजूस कबड्डी व खोखो हे खेळ लोकप्रिय, तर दुसऱ्या बाजूस भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत फुटबॉल, असे चित्र होते. गोव्यात फुटबॉलचा प्रवेश १८८३ मध्ये शिवोली येथे, विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूच्या प्रयत्नाने झाला, असे मानले जाते. चर्चच्या शाळांतून व गावोगावच्या संघांतून तो रुजला. शंखवाळकरची जडणघडण याच परंपरेत झाली.

कारकीर्दीचा बहुतांश काळ तो वास्कोच्या साळगावकर क्लबकडून खेळला. १९७० च्या दशकात त्याला भारतीय संघात स्थान मिळाले. भास्कर गांगुलीसारखे बंगालचे नामवंत गोलरक्षक त्याचे समकालीन होते. संघात गोलरक्षकाची जागा एकच असल्याने ही स्पर्धा अत्यंत चुरशीची असे. १९८३ ते १९८६ या काळात त्याने भारतीय संघाचे नेतृत्व केले.

गोलरक्षकाला ७·३२ मी. रुंद व २·४४ मी. उंच गोलचे रक्षण करावे लागते. पेनल्टी किकच्या वेळी चेंडू अवघ्या ११ मी. अंतरावर असतो. उडी अचूक असूनही ती क्षणभर उशिरा घेतल्यास व्यर्थ ठरते. म्हणून चेंडू येण्यापूर्वीच योग्य जागी उभे राहणे, हे या कलेचे खरे मर्म होय. शंखवाळकरच्या काळी सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हाताने धरता येई. १९९२ मध्ये नियम बदलून त्यास मनाई झाली. संपूर्ण मैदान समोर दिसत असल्याने बचावफळीस सतत सूचना देणे हेही गोलरक्षकाचे काम असते. कर्णधारपदास ही दृष्टी उपकारक ठरते.

संतोष करंडक या राष्ट्रीय स्पर्धेत गोव्याने १९८२–८३ मध्ये कोलकाता येथे बंगालसह संयुक्त विजेतेपद मिळविले. पुढील वर्षी मद्रास (चेन्नई) येथील अंतिम सामन्यात पंजाबला १–० असे हरवून गोव्याने करंडक स्वतःकडे राखला. त्या संपूर्ण स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. या दोन्ही यशांत शंखवाळकरचा मोठा वाटा होता.

आघाडीच्या खेळाडूचे गोल नोंदवहीत राहतात. अडविलेल्या फटक्यांची मोजदाद मात्र क्वचितच होते. गोलरक्षकाची चूक तेवढी प्रेक्षकांच्या स्मरणात राहते. शंखवाळकरच्या कार्याची शासकीय दखलही उशिराच घेतली गेली. त्याला अर्जुन पुरस्कार १९९७ चा, म्हणजे भारतीय संघाचे नेतृत्व संपल्यानंतर अकरा वर्षांनी मिळाला, तर पद्मश्री हा किताब २०२२ मध्ये लाभला.

निवृत्तीनंतर त्याने गोलरक्षकांचे प्रशिक्षण हे आपले कार्यक्षेत्र मानले. गोवा फुटबॉल विकास मंडळाचा तो काही काळ अध्यक्षही होता. कोलकात्याचे वर्चस्व असलेल्या भारतीय फुटबॉलमध्ये गोव्याला मानाचे स्थान मिळवून देणाऱ्या पिढीतील अग्रणी खेळाडूंत त्याची गणना होते.

[ → फुटबॉल].