चिंचा बेटांचा हिशेब

बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी सोसला, त्यांना खडी फोडायची कामे, लाल मिलो आणि सुकडी आजही आठवते. त्याच वर्षी प्रशांत महासागराच्या पल्याड, पेरू देशाच्या किनाऱ्यावर जाळी रिकामी वर येऊ लागली होती. दोन्हीकडच्या संकटामागे समुद्राचा वरचा थर तापवणारा एल निनो होता. आपला पाऊस रुसण्याला इतरही कारणे होती. पेरूत मात्र एल निनोच्या जोडीला माणसाचा हव्यास होता, आणि तो आधीची दहा-पंधरा वर्षे चढत्या भाजणीने चालू होता.

पेरूचा किनारा म्हणजे लांबलचक वाळवंट. त्याला खेटून दक्षिणेकडून हम्बोल्टचा थंड प्रवाह येतो. किनाऱ्याला समांतर वाहणारे वारे वरचे पाणी खोल समुद्राकडे लोटतात आणि त्याच्या जागी तळातले थंड, पोषक क्षारांनी भरलेले पाणी वर येते. त्यावर प्लवक पोसतात आणि प्लवकांवर आंचोवेता. हा आपल्या मांदेलीच्या कुळातला, वीतभरही लांब नसलेला चंदेरी मासा. त्याच्यावर ग्वानाय नावाचे पाणकावळे, पिकेरो आणि पेलिकन जगतात. हे पक्षी किनाऱ्यालगतच्या खडकाळ बेटांवर लाखोंनी वस्ती करतात. तिथे पाऊस जवळपास पडतच नाही, त्यामुळे त्यांच्या विष्ठेतला नत्र धुऊन जात नाही. हजारो वर्षांत तिचे डोंगर झाले. पिस्को गावासमोरच्या चिंचा बेटांवर हा थर काही ठिकाणी दीडशे फुटांपर्यंत उंच होता. हाच ग्वानो.

इंका राजवटीला त्याचे मोल ठाऊक होते. विणीच्या हंगामात बेटावर पाऊल ठेवणाऱ्याला आणि पक्षी मारणाऱ्याला देहदंड होता, असे इतिहासकार गार्सिलासो दे ला वेगा याने १६०९ मध्ये नोंदवले आहे. युरोपला ग्वानोची ओळख करून दिली ती निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्टने. १८०४ मध्ये त्याने नमुने सोबत नेले आणि पॅरिसच्या रसायनतज्ज्ञांनी ते तपासले. १८४०पासून जहाजे भरभरून ग्वानो इंग्लंडच्या शेतांकडे निघाला. पुढच्या चाळीसेक वर्षांत सुमारे १ कोटी २० लाख टन माल बाहेर गेला, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

या पैशाने पेरूचे काय केले? रामोन कास्तियाच्या सरकारने १८५४ मध्ये गुलामगिरी संपवली आणि मालकांची भरपाई ग्वानोच्या उत्पन्नातून दिली. हे श्रेय द्यायलाच हवे. पण त्याच काळात बेटांवर चिनी मजूर राबत होते. १८४९ ते १८७४ दरम्यान सुमारे ९० हजार ते एक लाख चिनी मजूर करारपत्रावर अंगठे उमटवून पेरूत आणले गेले. त्यांपैकी ज्यांच्या वाट्याला चिंचा बेटे आली, त्यांचे हाल सर्वांत वाईट. अमोनियाने डोळे जळत, धुळीने श्वास कोंडे, वर फटके. कड्यावरून समुद्रात उडी घेऊन सुटका करून घेणाऱ्यांची वर्णने त्या काळच्या प्रवाशांनी लिहून ठेवली आहेत. सरकार मात्र पुढच्या वर्षांचा ग्वानो तारण ठेवून कर्जे काढत राहिले आणि अँडीज चढणारे रेल्वेमार्ग बांधत राहिले. १८७६ मध्ये पेरूला कर्जफेड थांबवावी लागली. १८७९ ते १८८३ च्या युद्धात सोऱ्याने समृद्ध असा तारापाका प्रांतही चिलीने जिंकून घेतला.

यानंतरचा अध्याय मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तोच कमी सांगितला जातो. १९०९ मध्ये पेरूने ग्वानोचा कारभार एका खास कंपनीकडे सोपवला. तोवर बेटे खडकापर्यंत खरवडली गेली होती. ग्वानाय काटक्यांचे घरटे बांधत नाही. आपल्याच विष्ठेचा, पिसांचा गोल कठडा रचून त्या खळग्यात तो अंडी घालतो, आणि शेजाऱ्याचे घरटे चोचीच्या अंतरावर असते, एका चौरस मीटरमध्ये तीनेक. ग्वानो पूर्ण खणून नेला की त्याच्यासाठी घरही उरत नाही. कंपनीने पहारेकरी नेमले, आलटून पालटून बेटांना विश्रांती दिली, विणीच्या काळात कामे थांबवली. किनाऱ्यावरच्या भूशिरांना आडव्या भिंती घातल्या. कोल्हे-कुत्री अडली आणि पक्ष्यांना नव्या वसाहती मिळाल्या. १९५०च्या दशकाच्या मध्यात पक्ष्यांची संख्या अडीच कोटींवर गेली होती. उत्पादन वाढवायचे तर उत्पादकाला सुखात ठेवा, एवढे साधे धोरण या कंपनीने अर्धे शतक राबवले.

ते मोडले समुद्रात. दुसऱ्या महायुद्धानंतर कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यासाठी फिशमीलची मागणी वाढली. साडेचार टनांच्या आसपास मासळी वाळवून, दळून एक टन फिशमील निघते. चिम्बोते हे बंदर कारखान्यांच्या धुराने आणि वासाने भरून गेले. ग्वानो कंपनीने विरोध केला, कारण बोटी पक्ष्यांच्या तोंडचा घास नेत होत्या, पण फिशमीलचे डॉलर जास्त होते. १९६०च्या दशकात पेरू मासेमारीत जगात पहिला आला. १९६४ पासून समुद्राचा अभ्यास करणारी इमार्पे ही संस्था होती आणि तिने इशारेही दिले, पण १९७० मध्ये सुमारे १ कोटी २० लाख टन आंचोवेता उपसला गेला. मग १९७२चा एल निनो आला. गरम पाण्याने वरचा थर झाकला, उरलासुरला मासा किनाऱ्याजवळच्या थंड पट्ट्यांत दाटला आणि तिथेही पर्ससीन बोटींनी त्याला गाठले. १९७३ मध्ये पकड वीस लाख टनांच्या आसपास आली आणि सरकारला हा उद्योग ताब्यात घ्यावा लागला. त्याचे पडसाद दूरवर उमटले. फिशमीलचा तुटवडा पडल्यावर खाद्यासाठी पर्याय असलेल्या सोयाबीनचे भाव भडकले. जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यात काही काळ रोखली. त्याने धास्तावलेल्या जपानने पुढे ब्राझीलच्या सेराडो पठारावर सोयाबीनची शेती उभी करायला पैसा दिला.

आंचोवेता सावरायला दोन दशके लागली. नियम शहाणे व्हायला त्याहून जास्त. २००९ पर्यंत साऱ्या देशाला मिळून एकच मर्यादा असे, त्यामुळे ती संपायच्या आत आपला वाटा उचलायला बोटींची शर्यत लागे. २००८च्या कायद्याने त्यानंतर बोटीगणिक कोटा ठरला. शर्यत थांबली, हंगाम लांबला, बोटी कमी झाल्या. आज बोटींवर उपग्रहाची नजर असते आणि १२ सेंटिमीटरखालची पिल्ले जास्त सापडली की तो पट्टा बंद करतात. २०२३ मध्ये पिल्लांचे प्रमाण फार असल्याने उत्तर-मध्य किनाऱ्यावरचा पहिला हंगाम सरकारने रद्द केला. १९७२ मध्ये असे धैर्य वेळीच कुणी दाखवले नव्हते.

तरीही या व्यवस्थेत दोन घटकांना न्याय नाही. पहिला म्हणजे पेरूचीच मुले. तिथल्या तीन वर्षांखालच्या दर दहा मुलांपैकी सुमारे चौघांना रक्तक्षय आहे, आणि लोह-प्रथिनांनी भरलेला हा मासा जवळपास सगळाच चीनकडे आणि इतरत्र कोळंबी, डुकरे, माशांच्या शेतीच्या खाद्यासाठी जातो. दुसरा घटक पक्षी. २००९ मध्ये २२ बेटे-बेटगट आणि ११ भूशिरे मिळून राष्ट्रीय राखीव क्षेत्र जाहीर झाले. ग्वानो आजही कुदळ-फावड्याने खणून, चाळून, गोण्यांत भरून छोट्या शेतकऱ्यांना दिला जातो. पण राखीव क्षेत्राने घरट्याला संरक्षण मिळते. त्या घरट्यातला पक्षी पोट भरायला त्या हद्दीच्या पार जातो. २०२२-२३ च्या बर्ड फ्लूमध्ये लाखो पक्षी मेले, आणि संख्या अडीच कोटींच्या जवळपासही नाही.

कोटा ठरवताना अंडी घालण्याजोगा किती मासा समुद्रात उरेल, हे इमार्पे मोजते. त्या आकड्यातून पक्ष्यांचा वाटा आधी बाजूला काढायला हवा आणि थोडा वाटा पेरूच्या घराघरांतल्या ताटासाठी. उरेल तो बोटींना द्यावा. पक्ष्यांसाठी भूशिरांवर भिंती बांधणाऱ्या देशाला हे अशक्य नाही.