सावधगिरीचे अवतरण आणि न दिसणारी तार

आरोग्यसेवेशी निगडित एका विषयाची माहिती या अहवालातून आम्ही आपणासमोर ठेवीत आहोत. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील चकमकींत जखमी झालेल्या जवानांना हेलिकॉप्टरने नागपूरला हलविल्याचे आपण वेळोवेळी वाचले असेल. असे हेलिकॉप्टर प्रसंगी एखाद्या गावच्या शिवारातही उतरू शकते.

हवामान बिघडले किंवा यंत्रातील दोषाचा इशारा मिळाला, तर वैमानिक पुढे न जाता मोकळी जागा पाहून उतरतो. यास सावधगिरीचे अवतरण म्हणतात. इंजिन बंद पडून नाइलाजाने उतरणे निराळे. येथे वैमानिकाच्या हाती थोडा अवधी असतो. त्या अवधीत तो वरून जागेचा विस्तार, उतार, जमिनीचा टणकपणा, वाऱ्याची दिशा आणि भोवतालचे अडथळे पारखतो.

अडथळ्यांत तार सर्वांत घातक. झाड दुरून दिसते. तार मात्र पार्श्वभूमीत मिसळून जाते आणि दिसते तेव्हा वळण्यास वेळ उरत नाही. म्हणून वैमानिक तारेऐवजी खांब शोधतात व शक्यतो खांबावरूनच ती ओलांडतात.

२०१७ साली महिन्याभरात महाराष्ट्राने याचा दोनदा अनुभव घेतला. २६ एप्रिल रोजी गोंदियाचे एक प्रशिक्षण विमान वैनगंगेवर ताणलेल्या तारेला धडकून कोसळले व त्यातील दोघेही मृत्युमुखी पडले. २५ मे रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच खाली येताना विजेच्या तारांत अडकून कोसळले. सुदैवाने आतील सर्वजण बचावले. कडक उन्हात हवा विरळ होऊन हेलिकॉप्टरची उचलशक्ती घटते, हेही येथे ध्यानी घ्यावे.

धानाची कोरडी बांधी वरून सपाट भासली, तरी तिचे बांध, पावसाळ्यातील चिखल आणि कृषिपंपाकडे गेलेली तार यांचा भरवसा नसतो. पेंढा, ताडपत्री, पत्रे आधीच दूर करावेत, कारण पंख्याच्या वाऱ्याने ते उडून पात्यांत जातात. फिरताना शेपटीकडील पंखा जवळजवळ दिसेनासा होतो. म्हणून मागून कधीही जाऊ नये. चालकवर्गाने खूण केल्यावरच, वाकून, समोरून जावे. रुग्णाच्या अंगावरील चादर पट्ट्याने बांधावी आणि सलाईनची बाटली उंच धरू नये.

गावातील प्रत्येक तार कोठून कोठे जाते, हे गावकऱ्यांना ठाऊक असते, आकाशातील वैमानिकाला नाही. जागा सुचविताना ही माहिती पोलिसांना वा प्रशासनाला आवर्जून द्यावी, ही आपणा सर्वांस आमची नम्र विनंती. रुग्णाचे व त्याला न्यावयास आलेल्यांचे प्राण त्यावर अवलंबून असतात.